उसनी कोंबडी आणि आठ अंडी

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या बाया माथेरानला जातात, नाशिकला जातात. मी मरोळला गेले. शिक्षकांच्या खोलीत हे सांगितलं तेव्हा सगळ्या हसल्या. गिरगावातून अंधेरी आणि अंधेरीहून बसने मरोळ, ह्याला काय प्रवास म्हणायचं? पण दहा दिवसांनी मी परत आले ती वेगळीच बाई होऊन आले, आणि माथेरानहून परतलेल्यांची फक्त नाकं सोलवटली होती. म्हणून हे लिहिते आहे. ज्यांनी कधी कोंबडीखाली हात घालून पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी खास.

तेरेज बारा वर्षं आमच्या दारात भाजी आणि अंडी घेऊन येते. डोक्यावर टोपली, गुडघ्यापर्यंत कासोटा, गळ्यात क्रूस, आणि बोलणं असं की चाळीतली कुत्रीसुद्धा वाट सोडतात. ह्या वर्षी ती मधले तीन महिने आलीच नाही. आली तेव्हा कळलं, नवरा गेला. जुझे. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्या बदकांबद्दल बारा वर्षं ऐकत होते. मी मुलींना निसर्ग-अभ्यास शिकवते, फळ्यावर अंड्याचा उभा छेद काढते, पण अंड्यातून पिल्लू बाहेर येताना मी जन्मात पाहिलं नाही, असं बोलता बोलता तिला सांगून बसले.

"मग बगायला ये ना, बाय," ती म्हणाली. "पुडच्या बुधवारी फुटतील. मंगळवारी मसाला कुटायचा हाय, तो पण बग."

मरोळ, सोमवार

गाव म्हणजे उतरत्या कौलांची जेमतेम चाळीस घरं, मधे क्रूस, मागे भाताची सुकलेली खाचरं आणि एक तळं, जे मे महिन्यात डबकं होतं. आरे कॉलनीच्या बाजूने रात्री कोल्हे येतात. आमच्या चाळीत रात्री येतो तो फक्त दुसऱ्या मजल्यावरचा कारकून, तोही गात गात.

अंगणात पाय ठेवला आणि एक बदक माझ्या अंगावर धावून आलं. बदक म्हणजे मी चित्रात काढते तसलं गोजिरवाणं नव्हे. हे काळंपांढरं धूड, तोंडावर लाल चामखिळींचा नुसता बुजबुजाट, आणि क्वॅक नाही की काही नाही, नुसतं फुसफुस. त्याने माझ्या साडीचा काठ धरला तो सोडेना. तेरेजने खराटा आपटला तेव्हा सुटला.

"नर हाय. जुझेनी बोरिवलीसून जोडी आणलेली, दिवाळीच्या टायमाला. आमची पहिली बदकं गावठी, पांढरी. ती सगली इकून टाकली आन् ही लाल तोंडाची आणली. म्हातारपणी येड लागलं होतं त्याला."

मादी आठ अंडी घालून रवणावर बसणार, म्हणजे उबवायला बसणार, त्याच आठवड्यात कोल्ह्याने तिला धरली. जुझे जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. राहिली ती आठ अंडी. तेरेज हे सांगताना चुलीकडे बघत होती. "तो गेला, ती गेली. आता ह्यातून काय निगालं तर त्याचं काय तरी घरान ऱ्हाईल," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

अंडी होती, पण बसायला कोण? तेरेजकडे त्या वेळी एकही कोंबडी खुडूक नव्हती. खुडूक म्हणजे अंडी द्यायचं थांबवून, कुठेतरी बूड टेकून बसायच्या हट्टाला पेटलेली. ती लागतेच, कारण साध्या कोंबडीला अंड्यांवर बसवली तर ती तुमच्या तोंडाकडे बघते आणि निघून जाते. खुडूक कोंबडी होती शेजारच्या गंगावहिनीकडे. ह्या मालवणच्या. नवरा गिरणीत होता, खोकल्याने गिरणी सुटली, आता मुलुंडच्या मिठागरावर राखणदार आहे आणि आठवड्यातून एकदा घरी येतो. तर गंगावहिनीची तांबडी कोंबडी उसनी आणून तेरेजने तिच्याखाली अंडी ठेवली होती. आपण वाटीभर साखर उसनी आणतो. इथे आईपण उसनं आणतात.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात टोपली, टोपलीत भाताचा पेंढा, पेंढ्यात एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा, का तर ढग गडगडले की अंडी नासतात आणि लोखंडाने ती वाचतात. मी म्हटलं, ह्याला काही शास्त्रीय आधार नाही. तेरेज म्हणाली, "नसंल." भिंतीवर कोळशाने उभ्या रेघा होत्या, दिवसाला एक. सव्वीस.

"कोंबडीचे तीन आठवडे, बदकाचे चार," तेरेज म्हणाली. "हात घाल खाली. घाबरतेस काय? खाणार नाय ती."

घातला. काय सांगू! कोंबडीने पोटाची पिसं बाजूला झाली होती तिथली उघडी कातडी थेट अंड्यांना लावलेली. तापलेल्या मुलाच्या कपाळासारखी गरम. माझा हात तिने चोचीने आत सारला, अंडं सरकवतात तसा, पोटाखाली. इतकी वर्षं फळ्यावर "उष्णतेचे वहन" लिहीत आले, पण ते ह्याला म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं.

मंगळवार, बुधवार

मंगळवारी वर्षाचा मसाला. मिरच्या, हळकुंडं, धणे आणि आणखी वीसेक जिनसा भाजून पाच बायका उभ्या राहून लाकडी मुसळांनी कुटतात. मुसळ आळीपाळीने एकाच उखळात पडतं आणि कुणाचं कुणाला लागत नाही. मला एक मुसळ दिलं. तिसऱ्या घावाला मी सगळ्यांचा ताल घालवला आणि मग शिंकत अंगण सोडलं. मसाला बाटल्यांत दाबून भरतात, वर्षभर पुरतो. जेवायला त्याच मसाल्यातली कोळंबी आणि फुगे होते. फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल, आतून पोकळ. पीठ आंबवायला ताडी लागते. दारूबंदीत ताडी कुठून आली असं मी विचारलं आणि पाचही बायकांना एकदम ऐकू येईनासं झालं. मी अकरा खाल्ले.

कोंबडी दिवसातून एकदाच उठायची. दहा मिनिटं. दाणे, पाणी, अंगणातल्या धुळीत एक लोळण, आणि परत. ती उठली की तेरेज अंडी गोधडीने झाकायची आणि दारात उभी राहायची, नजर कोंबडीवर.

बुधवारी अठ्ठाविसावी रेघ. सकाळपासून आम्ही दोघी टोपलीपाशी. तेरेजने अंडं कानाला लावलं, मी लावलं. काही नाही. दुपारी काही नाही. दिवेलागणीला तेरेज म्हणाली, "उद्या."

गुरुवार

आता जे लिहायचं आहे ते न लिहिता पुढे जाता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

सकाळी गंगावहिनी आल्या. त्यांनी कोंबडी उचलून बघितली आणि कळवळल्या. तुरा फिकट पडला होता, छातीचं हाड हाताला लागत होतं. "माझी कोंबडी सुकान गेली गो! चार आठवडे म्हटलंस, चार आठवडे झाले. ह्या अंड्यांत काय नाय. आता दी माका ती, नायतर मरात."

मला वाटलं, आता शिकलेल्या माणसाने पुढे व्हायला हवं. माझा हा स्वभावच आहे. कुठे दोन माणसं अडलेली दिसली की माझ्या अंगात मास्तरीण येते. मी म्हटलं, ह्यात भांडायचं काय? परीक्षा घेऊ. कोमट पाण्यात अंडं सोडायचं. ताजं, चांगलं अंडं बुडतं, नासलेलं तरंगतं. आमच्या पुस्तकात आहे.

घंगाळात पाणी घेतलं. आठही अंडी तरंगली. तरंगता तरंगता दोन-तीन डुचमळलीसुद्धा. तेरेज पुढे वाकली. "हालतंय बग!"

"पाणी हलतंय, तेरेज," मी म्हटलं. अगदी ज्या आवाजात वर्गात म्हणते त्या आवाजात.

तिला खात्री हवी होती म्हणून मी एक अंडं घेतलं आणि पायरीच्या कडेवर टिचकावलं.

आत पिल्लू होतं. पुरतं. ओली पिवळी-काळी लव, मिटलेले डोळे, पायाच्या बोटांमधलं पातळ पडद्यासारखं कातडं, आणि पोटाशी अजून आत न गेलेला बलक. त्याने पाय ताणला. एकदा मान हलवली. मग थोड्या वेळाने ते थांबलं.

पुस्तकातली परीक्षा खायच्या अंड्याची होती. उबवलेल्या अंड्यात दिवसागणिक पाणी उडून जातं, हवेची जागा मोठी होते, आणि शेवटी जिवंत अंडंच तरंगतं. आत जीव असला तर डुचमळतंही. हे मला मागाहून कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की मी एक जीव मारला आणि तो जुझेच्या बदकाचा होता.

तेरेज ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने उरलेली सात अंडी पदराने टिपली, एकेक करून टोपलीत ठेवली, आणि हात पुढे केला. गंगावहिनींनी काखेतली कोंबडी तिच्या हातात दिली. "ऱ्हवां दे," एवढंच म्हणाल्या. तेरेजने ते पिल्लू पेरूच्या झाडाखाली पुरलं. माझ्याशी ती दिवसभर बोलली नाही. जेवायला वाढलं मात्र.

मुलुंड, शुक्रवार

मी परत गिरगावला जायला निघाले होते. पिशवी भरली होती. गंगावहिनींचे यजमान महादेवभाऊ घरी आले होते आणि पहाटे मिठागरावर परत निघाले होते. तेच म्हणाले, "रडान काय होतला? चला, तुमका टिटवी दाखवतंय. पाखरां बघूक इलात ना?" तेरेजच्या नजरेसमोरून तेवढं तरी दूर होऊ म्हणून गेले.

मुलुंडची मिठागरं मी पहिल्यांदाच पाहिली. चौकोनाला चौकोन लागून खाडीपर्यंत नुसतं पाणी, मधे मातीचे बांध, आणि सकाळी नऊ वाजताच डोळे उघडे ठेवता येत नाहीत असा पांढरा लखलखाट. महादेवभाऊंची झोपडी बांधावर. पुढे पुढे चालता चालता ते एकदम ओरडले, "पाय थांबवा!" मी एका पायावर उभी. खाली बघते तर काही नाही. सुकलेल्या चिखलाची ढेकळं, चार खडे. खडे कसले, अंडी! मातकट, काळे ठिपके, चारही निमुळती टोकं आत करून ठेवलेली. घरटं म्हणाल तर काडीसुद्धा नाही. डोक्यावर टिटव्यांचं जोडपं किंचाळत घिरट्या घालत होतं. त्या क्षणी मी आणखी चार खून केले असते.

आम्ही झोपडीच्या सावलीत बसलो. ऊन चढलं. उघड्या बांधावर त्या उन्हात अंडी शिजतील, असं मी म्हटलं. महादेवभाऊ म्हणाले, बघत ऱ्हवा. आणि बघितलं. एक टिटवी अंड्यांवर पंख उचलून सावली धरून उभी होती. दुसरी पाण्याशी गेली, उथळात छाती टेकून बसली, पोटाची पिसं नीट भिजवली, आणि ठिबकत ठिबकत परत आली. पहिली बाजूला झाली. ही अंड्यांवर बसली, ओल्या पोटाने. मी वहाणा काढून ठेवून बघत होते, देवळात बसल्यासारखी. इतका वेळ जे दुखत होतं ते तेव्हाही दुखतच होतं, पण मला त्याचा पाऊण तास विसर पडला, हे खरं सांगते.

"किती दिवस बसतात ह्या?" मी विचारलं.

"मी कधी मोजूक नाय. ती मोजता." ते विडी पेटवत म्हणाले. "आपण कित्याक मधे पडाचा?"

दुपारी त्यांच्या भाकरीतली अर्धी भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. पिशवी घेऊन घाटकोपरला उतरले. तिथून गिरगावचा रस्ता सरळ होता. मी मरोळचा धरला.

तेरेज ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी बसले आणि टिटवीचं पोट, पाणी, सगळं सांगितलं. निवडता निवडता ती म्हणाली, "जुझे पण अंड्यांवर शिंपडायचा. कोमट पाणी, बोटांनी. मी हसायची त्याला. बदक तळ्यातून ओलं येतं, कोंबडी कुठं पोहते, असं म्हणायचा." मग म्हणाली, "बोरिवलीच्या मानसानी त्याला लई काय काय सांगितलेलं ह्या जातीचं. मना कदी इचारावंसं वाटलं नाय. तो होता ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरिवली गाठायची, एवढं ठरवलं.

बोरिवली, शनिवार

बाजार स्टेशनापासून जवळ. वसईची केळी, डोंगरातून आलेली करवंदं पळसाच्या पानांत, आणि शेवटी कोंबड्यांच्या टोपल्या. टोपल्यांमागे एक दाढीवाला म्हातारा पेंगत होता. मी विचारलं, दिवाळीच्या सुमारास मरोळच्या एका माणसाला लाल तोंडाच्या बदकांची जोडी तुम्हीच विकली का?

"तो छत्रीवाला? बिनपावसाचा छत्री घेऊन फिरतो तो?" म्हातारा जागा झाला. "उसको तीन दफा बताया. सब कागदावर लिहून पाहिजे बोलला, मला कुठे लिहिता येतंय. कैसा है वो?"

वारले, म्हटलं. म्हाताऱ्याने दोन्ही हात तोंडावरून फिरवले. मग मी अंड्यांचं विचारलं. चार आठवडे होऊन गेले.

"चार कोणी बोलला? बाई, ही जात वेगळी. गावठी बदक चार हप्ते. हिचे पाच. पाच हप्ते पूरे. पानी मारते रहो और हात मत लगाओ."

हात मत लगाओ. मी त्याचे दोन्ही हात धरायचेच बाकी ठेवले. येताना करवंदं घेतली, तीसुद्धा घाईत, अर्धी कच्ची.

तेरेजने ऐकलं आणि भिंतीपाशी गेली. रेघा बोटाने मोजल्या. एकतीस. "अजून चार दीस," ती म्हणाली. "बाय, मी पण फेकणारच होते गं. आज फेकली असती."

ते चार दिवस कोंबडीची बडदास्त काय वर्णावी! गंगावहिनी रोज सकाळी दहीभात घेऊन यायच्या आणि टोपलीपाशी बसून घासघास भरवायच्या, वर शिव्या. "मेल्या बदकांसाठी मरतंस, रांडे. खा." तेरेज बोटांनी पाणी शिंपडायची. मी कशालाही हात लावत नव्हते. मला कोणी बंदी केली नव्हती. मीच लावत नव्हते.

मरोळ, बुधवार

मंगळवारी दुपारी टकटक ऐकू आली. आतून. आणि कोंबडी एकदम बारीक आवाजात बोलायला लागली, महिनाभरात तिने असा आवाज काढला नव्हता. आतून चिवचिव आली की ती उत्तर द्यायची. एका अंड्याला केसासारखी चीर गेली. मग सबंध रात्र तसंच. मला वाटलं, आतलं दमलं, आता सोलायला मदत करावी. तेरेजने माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले.

बुधवारी उजाडता उजाडता पहिलं टोपण उघडलं. पिल्लू चोचीच्या टोकावरच्या इवल्या दाताने कवच कापत आत गोल फिरतं आणि डबीचं झाकण निघावं तसं वरचं टोक पडतं. ओलं गचाळ पोर बाहेर लोळलं, तासाभराने फुलून पिवळंकाळं झालं. दुपारपर्यंत सातही आली. सातही! कोंबडी एकेकाच्या पायाकडे मान वाकडी करून बघत होती आणि तरीही पोटाखाली घेत होती. तेरेजने पदर तोंडात धरला आणि तीन महिन्यांत बहुधा पहिल्यांदा मोठ्याने रडली. "आली रे जुझे, आली," म्हणाली. अर्धं गाव स्वयंपाकघरात जमलं होतं.

आता वाटणी. इथला रिवाज असा की कोंबडी उसनी दिली तर जन्मलेल्यातली निम्मी पिल्लं कोंबडीच्या मालकिणीची. पिल्लं मोठी व्हायची वाट बघत नाहीत, पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर नावं लागतात, म्हणजे नंतर वाद नको. तेरेजने सूप घेतलं. एक, दोन, तीन, चार, अशी चार पिल्लं उचलून गंगावहिनींपुढे ठेवली.

"चार कशी गो?" गंगावहिनी म्हणाल्या. "सात आसत. माका तीन पुरेत. तुझ्या घोवाची बदकां ती."

"आठ होती," तेरेज म्हणाली. "आठाची निम्मी चार."

"पण एक तर..." गंगावहिनींनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं.

तेरेजने पाहिलं नाही. ती उरलेली तीन ओच्यात घेत होती.

"पावणी माझी हाय," ती म्हणाली. "तिच्या हातनं जे गेलं, ते माझ्या वाट्यातलं गेलं."